कुणीतरी वाट बघतंय असं काम

नववीच्या पालकसभेतल्या तक्रारी आता मला पाठ झाल्या आहेत. उलट बोलतो. जेवायला हाक मारली की दार आपटतो. बापाला तोंडावर 'तुम्हाला काय कळतंय' म्हणतो. मुलींच्या आया तेच सांगतात, पण आवाज खाली आणून आणि वर्गातले बाकीचे बाहेर गेले आहेत ना याची खात्री करून. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातल्या शाळेत मी शिकवते. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी थोडी शेती आणि गोठा आहे, एखाद्याचा बाप रिक्षा चालवतो, एखाद्याची आई पोळ्या लाटून देते. ही मुलं शहरातल्या मुलांपेक्षा कमी बोलतात असा कुणाचा समज असेल तर त्यांनी आमच्या एका सभेला येऊन बसावं.

पालक नुसती तक्रार घेऊन येत नाहीत, तोडगाही आणतात. मोबाईल काढून घेतला, असं पहिल्यांदा सांगतात. मग तो परत दिला, हेही सांगतात. आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, 'आता सुट्टीत शेतात घालतो याला, उन्हात राबला की बरोबर सरळ येईल.' त्याच्याच जोडीचं दुसरं वाक्य प्रत्येक मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं, 'शिकला नाहीस तर म्हशी राखाव्या लागतील.'

या दोन वाक्यांचा मला मनापासून राग येतो. ज्या घरात ती बोलली जातात त्याच घरातली आई पहाटे उठून शेण काढते, धार काढते, वैरण टाकते. त्या म्हशीच्या दुधावर मुलाची फी भरली जाते. आणि मुलाला आपण सांगतो काय, तर आईचं काम ही शिक्षा आहे, नापास झालेल्या माणसाची शिक्षा. वर्षानुवर्षं हे ऐकलेला मुलगा पंधराव्या वर्षी आईकडे वळून 'तुला काय कळतंय' म्हणाला, तर तो ते कुठून शिकला? घरात पोट भरणाऱ्या कामाची किंमत आपणच त्याच्यासमोर शून्य करून ठेवलेली असते. मग ते काम करणाऱ्या माणसाचा मान त्याने कुठून आणायचा?

म्हणून मुलांना कामातून जबाबदारी शिकवायची हे मला पूर्ण मान्य आहे, पण काम शिक्षा म्हणून द्यायला माझा तितकाच विरोध आहे. या दोन गोष्टी आपल्याकडे इतक्या एकात एक मिसळल्या आहेत की एक बोलायला गेलं की लोक दुसरीच ऐकतात.

साताऱ्यात राहून या विषयावर बोलायचं तर कर्मवीर भाऊराव पाटलांना टाळून जाता येत नाही. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत, आणि दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं आपली आपण करत. 1927 मध्ये गांधीजी आले, त्यांच्या हस्ते त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडायला दिलं आणि मुलांच्या भाकरीची सोय केली, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं ते 'कमवा आणि शिका' याच पायावर.

माझे सासरे पुढे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात याच योजनेत शिकले. अण्णांना, म्हणजे भाऊरावांना, त्यांनी पाहिलं नव्हतं. 1959 मध्ये अण्णा गेले, त्यानंतर काही वर्षांनी सासरे तिथे पोहोचले. पण कामाची घडी तीच होती. ते सांगायचे, पहाटे फावडं घेऊन निघताना कुणाला शिक्षा झाल्यासारखं वाटत नसे, कारण शेजारी फावडं घेऊन चाललेला मुलगा पाटलाचा असो की महाराचा, चुकलेला म्हणून तो तिथे आलेला नसायचा. सगळेच जायचे. आणि ज्या दिवशी एखादा गेला नाही त्या दिवशी त्याची वाफ्याची ओळ कोरडी राहायची, ती सगळ्यांना दिसायची. रेक्टरांना वेगळं ओरडावं लागत नसे. सासऱ्यांचं हे सांगणं मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐकलं, आणि शिक्षणशास्त्राच्या पदवीत जे कुणी मला सांगितलं नव्हतं ते त्यात होतं. मुलाला हलवतं ते कोरडी राहिलेली ओळ. कुणाची तरी वाट बघणं, कशाची तरी गरज असणं, आणि आपण नसलो तर ती भागत नाही हे उघड्यावर दिसणं.

याच्या नेमकं उलट म्हणजे आमच्या शाळांमधला कार्यानुभवाचा तास. क्रेप कागदाची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, थर्माकोलची विहीर. मुलं बिचारी करतात, आया रात्री बसून ते पूर्ण करतात, आम्ही गुण देतो आणि मार्चमध्ये सगळं कचऱ्यात जातं. या फुलांची कुणीही वाट बघत नसतं. मुलांना ते पहिल्या दिवसापासून कळतं. पंधरा वर्षांच्या मुलाला खोटं काम लगेच ओळखता येतं, आणि खोटं काम देणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल त्याच्या मनात जे काही तयार होतं, त्यालाच आपण पुढे उद्धटपणा म्हणतो.

इथे भाऊरावांच्याच आयुष्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण शिस्तीचं कौतुक करताना तिचा विसर पडतो. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करून आत यायला सांगितलं, तर त्यांनी साफ नकार दिला, आणि बोर्डिंगातून त्यांना काढून टाकलं गेलं. त्या दिवशीच्या पालकसभेत हा मुलगा कसा दिसला असता याचा विचार मी अनेकदा करते. मोठ्यांचं न ऐकणारा, नियम मोडणारा, वर ताठ मानेने उभा राहणारा. म्हणून वर्गात कुणी उलट बोललं की मी आधी हे पाहते की तो काय म्हणाला. कसं म्हणाला याकडे नंतर वळता येतं. काही वेळा मुलाचा सूर वाईट असतो आणि म्हणणं अगदी खरं असतं. अशा मुलाला मान खाली घालायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपलंही नुकसान आहे.

आता घरातली गोष्ट. माझी बहीण आणि मेहुणे पुण्यात, दोघंही नोकरीला. एका मे महिन्यात बहिणीचा फोन आला. मुलगा आईला चारचौघांत म्हणाला होता, 'तू गप्प बस, तुला विचारलंय का कुणी?' बहीण रडत होती. म्हणाली, "त्याला तुझ्याकडे पाठवते. चांगलं राबव. शेण काढायला लाव म्हणजे उतरेल मस्ती." मी म्हटलं, "ताई, पाठव. पण आमचं शेण शिक्षेचं नाही."

भाचा आला तो कानात बोंडं घालूनच. पहिले काही दिवस दहा-दहा वाजेपर्यंत झोपायचा. माझ्या सासूबाईंनी घरात सगळ्यांना ताकीद दिली होती की त्याला कुणी बोलायचं नाही. तो उठला की त्या भाकरी वाढायच्या आणि गावातल्या कुत्र्यापासून नातेवाइकांपर्यंत कुणाच्याही गोष्टी सांगायच्या. त्याला काहीतरी करायला लावण्याची त्यांना अजिबात घाई नव्हती. मला होती.

मग यात्रेचा हंगाम आला. आमच्याकडे संध्याकाळच्या धारेला येणारा माणूस आपल्या गावच्या यात्रेला गेला, यांना त्याच दिवसांत साताऱ्याला रोज जावं लागत होतं. सासूबाई भाच्याला म्हणाल्या, "लेकरा, धार मी काढते. डेअरीला दूध तेवढं तू घालून येत जा. साडेसातला काटा बंद होतोय." एवढंच. उपदेश नाही, 'तुझ्या भल्यासाठी' नाही. त्यांना खरोखरच माणूस हवा होता, आणि ते त्याला दिसत होतं.

दूध संकलन केंद्रावर काय होतं हे शहरात फारसं माहीत नसतं. किटली काट्यावर जाते, लिटर मोजले जातात. मग नमुना घेऊन मशीनवर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लावतात, आणि त्यावर त्या दिवसाचा दर ठरतो. म्हशीच्या दुधाला 6 फॅट आणि 9 एसएनएफ हा धरून चालायचा आकडा. त्याच्या खाली गेलं की दर उतरतो, वर गेलं की चढतो. पावती मिळते, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्या बिलातून पेंड येते, कडब्याचे पैसे जातात, डॉक्टरचे जातात, जे उरेल ते घराचं. म्हणजे किटली उचलणाऱ्या हातात त्या दिवसाचा संसार असतो.

एक दिवस तो वाटेत मित्राशी फोनवर बोलत पारावर बसला आणि काटा बंद झाला. भरलेली किटली घेऊन परत आला. मान खाली, आणि तोंडावर भांडायची तयारीही होती. कुणी बोललं असतं तर तो तिथेच फुटला असता. सासूबाईंनी किटली घेतली, दूध तापत ठेवलं, म्हणाल्या, "विरजण लावू. वहीत लिव, आजचं दूध गेलं न्हाई." त्याने वहीत लिहिलं. दहा दिवसांनी बिल आलं तेव्हा त्या रकान्यात शून्य होतं, आणि त्यांनी हिशेब त्याच्याच शेजारी बसून केला. पेंडीचं एक पोतं पुढच्या बिलावर ढकललं. कुणी 'तुझ्यामुळे' म्हटलं नाही. त्या रात्री तो बराच वेळ वही उघडून बसला होता.

त्यानंतर तो उशिरा गेला नाही हे सांगण्यात मला तेवढा रस नाही. पुढे जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. वहीत रोजचा फॅट लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की सकाळी फॅट साडेसहाच्या आसपास लागतो आणि संध्याकाळी काही दिवस 5.8, 5.7 असा. म्हशी त्याच, पेंड तीच. त्याने सासूबाईंना विचारलं, यांना विचारलं, मोबाईलवर शोधलं, आणि त्याला समजलं की दूध थोडा वेळ स्थिर राहिलं की साय वर येते, आणि न ढवळता खालून नमुना घेतला तर फॅट कमी दिसतो. दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन तो म्हणाला, "काका, दूध एकदा नीट ढवळून परत लावता का?" काका चिडले. हा हटला नाही, पण आवाजही चढवला नाही. परत लावलं. 6.4 आलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायकांनी आपापल्या किटल्या तिथल्या तिथे ढवळून घेतल्या.

आईला गप्प बस म्हणणारी जीभ हीच. ती छाटायची गरज नव्हती. तिला बोलायला खरं काहीतरी हवं होतं आणि तिच्या मागे वहीतला हिशेब हवा होता. घरात ज्याला कशातच विचारलं जात नाही, ज्याच्या हातात एकही गोष्ट सोपवलेली नाही, तो बोलून बोलून बोलणार काय? त्याच्याकडे फक्त आवाज उरतो. या वयात मोठं व्हायची, मोजलं जायची भूक जोरात असते आणि मेंदूतला लगाम घालणारा भाग पक्का व्हायला विशी उलटावी लागते, हे आता डॉक्टरही सांगतात. ती भूक आपण मारू शकत नाही. तिला खायला काय द्यायचं एवढंच आपल्या हातात आहे.

भाचा पुण्याला गेला तो काही साधू होऊन गेला नाही. दार अजूनही आपटतं. पण बहिणीने माझं ऐकून घरातल्या गॅसचं बुकिंग आणि महिन्याचा किराणा त्याच्याकडे दिला, यादीपासून पैशापर्यंत. एकदा सिलिंडर ऐन रविवारी संपला आणि दुसरा आलेला नव्हता. बहीण म्हणाली, मी तेव्हाच काढून घेणार होते. मी म्हटलं, नको, राहू दे. राहू दिलं. आता त्यांची भांडणं तेलाच्या ब्रँडवरून आणि डाळीच्या भावावरून होतात. ती घरातल्या माणसाची भांडणं आहेत, ती मला चालतात.

शाळेच्या अंगाने हेच करून दाखवलेली जागा पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात आहे. पाबळचा विज्ञान आश्रम. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग पाबळला आले आणि 1983 मध्ये त्यांनी तो सुरू केला. शाळेत न टिकलेली, दहावीत अडकलेली मुलं तिथे येतात आणि वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, कोंबडीपालन, शेती हे सगळं हाताने करत शिकतात. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत गेला. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगाचं असावं लागतं. गेट बनवलं तर ते कुणाच्या तरी अंगणात बसतं. नीट बसलं नाही तर तो माणूस येऊन सांगतो. ज्या मुलाला गणितात शून्य मिळालं म्हणून वर्गाने हसून घेतलं, तोच काटकोन चुकला की गेट लागत नाही हे स्वतःच्या घामाने शिकतो. त्याला कुणी नम्र व्हायला सांगत नाही, लोखंडच सांगतं.

इथवर मी मुलगा, मुलगा म्हणत आले आहे, आणि आता थांबून दुसरी बाजू बोलते, कारण तिच्याशिवाय हा विषय खोटा आहे. आमच्या वर्गातल्या मुली शाळेत येण्याआधी पाणी भरून, भांडी घासून, धाकटीची वेणी-फणी करून येतात. त्याला कुणी जबाबदारीचं शिक्षण म्हणत नाही. मुलाने एक दिवस ताट उचललं की आजी दृष्ट काढते. मुलीने एक दिवस नाही उचललं की ती उद्धट ठरते. तिचं काम तर खरं आहे, त्याची वाटही सगळं घर बघतं. मग ती तोंड का वर करते? कारण तिला राबायला दिलं आहे, ठरवायला काहीच दिलेलं नाही. पाणी भरायचं तिने, पण कुठल्या शाखेला जायचं ते काका ठरवणार. कामासोबत थोडा अधिकार आला नाही तर ती नुसती वेठ आहे, आणि वेठीतून आदर उगवत नाही. घरात उद्धट मुलगी असेल तर मी पालकांना आणखी काम देऊ नका म्हणते. तिच्याकडचं निम्मं भावाला द्या आणि उरलेल्या कामात तिचं म्हणणं चालू द्या.

आणि आणखी एक सीमा आहे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात ऊसतोडीला येतात. त्यांच्याबरोबर तेरा-चौदा वर्षांची पोरं असतात. मोळ्या बांधतात, कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांत, धाकटी भावंडं सांभाळतात, आणि त्यांची गावाकडची शाळा तिकडेच राहते. कामातून संस्कार होतात असं त्या फडावर उभं राहून कुणी बोलू नये. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर 18 वर्षांपर्यंत धोक्याच्या कामालाही. शाळेत मारायला किंवा मानसिक छळ करायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, याचीही आठवण मला काही सहकाऱ्यांना करून द्यावी लागते. मी ज्या कामाबद्दल बोलते आहे ते शिकणं सांभाळून, वयाला झेपेल एवढं, आणि घरातला एक माणूस म्हणून दिलेलं काम.

'पण मग अभ्यासाचं काय?' हा प्रश्न येतोच. दहावीचं वर्ष असलं तर अगदी हक्काने येतो. किटली डेअरीवर घालून यायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ आमची मुलं रोज कुठे घालवतात हे पालकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

गेल्या सभेत एक वडील शेवटपर्यंत थांबले. मुलगा आठवीत, घरात कुणाचंच ऐकत नाही. त्यांनी आधी तेच विचारलं, कामाला जुंपू का? मी म्हटलं, घराचं लाईटबिल आणि ग्रामपंचायतीची पाणीपट्टी त्याच्याकडे द्या. पैसे द्या, तारखा त्याला पाहू द्या, पावत्या त्याला सांभाळू द्या. ते दचकले. "आणि पैसे मारले तर?" मी म्हटलं, "तर हिशेबाला त्याच्या शेजारी बसा, आणि ते पैसे कसे भरून काढायचे ते त्यालाच विचारा. पण काम काढून घेऊ नका. आणि बाकी घरखर्चाचा आकडाही त्याला सांगा. तुम्ही महिन्याला किती मिळवता हे त्याला माहीत आहे का?" नव्हतं. बायकोलाही नेमकं माहीत नव्हतं, असं ते स्वतःच म्हणाले. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं की तो आकडा मुलाला सांगताना आपण काय म्हणायचं. आम्ही दोघं तिथेच बाकावर बसलो, त्यांनी खिशातून पेन काढलं, आणि पालकसभेच्या नोटिशीच्या मागच्या बाजूला आम्ही त्यांच्या महिन्याचा जमाखर्च मांडायला घेतला.